सुहासचा बेंजो

हायडेलबर्ग, शनिवार, ७ ऑक्टोबर २००६

आयरिश लोकगीतं पंकच्या दणक्यात वाजवणाऱ्या इथल्या बँडमध्ये मी दोन वर्षं व्हायोलिन वाजवतोय. त्यांना बँजोवाला हवा होता. रूममेट सुहास म्हणाला, "माझ्याकडे आहे की!" त्याचा बेंजो म्हणजे आपल्याकडे जयंतीच्या मिरवणुकीत वाजतो तो, बटणांचा. त्यांना हवा तो वेगळा, गिटारसारखा गळ्यात अडकवून वाजवायचा, हे मला माहीत होतं. तरी त्याला तालमीला बोलावलं. म्हटलं, होऊ दे फजिती.

आज तालमीत पठ्ठ्याने तो मांडीवर घेऊन असा काही बडवला, की सगळे नाचायलाच लागले. गायक जर्मनमध्ये ओरडला, "गेनाऊ! अगदी बरोबर! हेच हवं होतं!" मला कधी म्हणाला असं? आणि बटणांच्या त्या खोक्याला?

निघताना सुहास म्हणाला, "तुझ्यामुळे झालं रे."

खोकं जड होतं. घरापर्यंत मीच उचलून आणलं.