बाबांचा पाहुणचार

म्बासो,
१४ मार्च १९८६

प्रिय तेम,

अनेक आशीर्वाद. राजधानीत तू खुशाल असशील. इकडे माझा गुडघा तसाच आहे. पामचं तेल यंदा बरं निघालं. माझ्या धाकट्या लेकीला मुलगी झाली, नाव अजून ठेवलेलं नाही. नावं बाबाच ठेवायचे.

तुमचा बोलींचा नकाशा पोहोचला. शाळेच्या भिंतीवर लावलाय. नद्या, डोंगर सगळं जागच्या जागी आहे, आपलं म्बासो तेवढं शेजारच्या कुंडेमच्या हिरव्या रंगात गेलंय. मास्तर म्हणाले, दोन गावं असली तरी बोली एकच, असं शास्त्रानं ठरलंय. तेम, आपल्या गावात माणूस चार बोली बोलतो, पण त्यातली आपली कोणती हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तुमचे साहेब बोली नोंदवायला आले तेव्हा वाटाड्या कुंडेमचा होता. बाबांनी पाहुणचाराची कोलाची बी फोडून दिली आणि रीतीप्रमाणे पाहुण्याशी पाहुण्याच्या बोलीत बोलले. साहेब विचारत, पाण्याला काय म्हणता, हाडाला काय म्हणता. बाबा वाटाड्याकडे बघत कुंडेमचेच शब्द सांगत राहिले. त्यांना वाटलं, आपण मान राखतोय. लिहून घेणारा तू होतास. मी तुला दाराशी बोलावून म्हटलं, "अरे, हे आपले शब्द नाहीत. सांग की त्यांना."

तू म्हणालास, "गप गं ताई. साहेबांसमोर बाबांची शोभा होईल. मागनं दुरुस्त करतो."

त्याच आठवड्यात तुझी नोकरी पक्की झाली. मग चूक काढायची तर आधी आपलीच दाखवावी लागली असती. ते तुला जमलं नाही.

ज्या गावाला स्वतःची बोली, त्यालाच स्वतःचा प्रमुख, हे तुला मी काय सांगणार. कुंडेमचा प्रमुख नकाशा घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत गेला. बोली माझी, तर गावही माझं, म्हणाला. कचेरीनं मान डोलावली, आणि बाबांचं प्रमुखपद गेलं. बाबांनी मला एवढंच विचारलं, "शब्द तेमनंच लिहिले होते ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी तुझं नाव काढलं नाही.

किती टाळू? बाबा गेले. बाजाराच्या दिवशी सकाळी.

प्रमुख गेला की वाजवायचा तो ढोल बाहेर काढला, तर कुंडेमची माणसं दारात येऊन उभी. "प्रमुख आमच्याकडे जिवंत आहे. इथे ढोल कोणासाठी?" मारामारी नको म्हणून म्हाताऱ्यांनी ढोल आत नेला. आजोबांना बसवून पुरलं होतं, अंगावर बिबट्याचं कातडं घालून. बाबांना केळीच्या बागेत आडवं पुरलं, कोणाही माणसासारखं. माझा इतका संताप झाला की रडूसुद्धा आलं नाही.

तुला तार केली नाही, ती मुद्दाम. म्हातारे विचारत होते, वारस तेमच ना, त्याला बोलवायचं का? मी म्हटलं, बसायला गादी कुठे उरलीय? आणि बाबांना मूल एकच होतं. कोणी वाद घातला नाही.

बाबांची मुलगी,
नांगे