स्टोव्ह भडकला म्हणे

३ मार्च १९७८
पुन्हा स्टोव्ह! सकाळपासून भसभस. पलीकडे घरमालकांची सून नीलम्मा पंप मारते आणि इकडे माझ्या छातीत धक्के बसतात. मध्ये नुसता पत्रा आहे — टाकी फुटली तर आधी मीच जाणार.

रॉकेलला पेट्रोलचा वास येतो. रेशन दुकानदाराला बोलून दाखवलं. "आप्पा, त्येचा वास घ्यायचा न्हाय, जाळायचं असतंय." सगळी रांग हसली. म्हणजे गिऱ्हाइकाने मुकाट्याने घ्यावं, मुकाट्याने जळावं! नव्या स्टोव्हवर तपासल्याचा शिक्का असतो. तो बघून मारला की न बघता मारला, कोण विचारतो?

७ मार्च
मालक चनमल्लप्पा अंगणात भेटले. स्पष्ट सांगितलं, हा स्टोव्ह एक दिवस घर जाळील. त्यांची बायको ईरम्मा लगेच म्हणाली, "बरोबर हाय की आप्पांचं. गॅसच पायजे. हिच्या बापाची एजन्सीत लई वळख हाय, पर पोरीसाटी शब्द टाकायला जड जातंय." नीलम्मा तिथेच भांडी घासत होती. मान वर केली नाही.

मला गॅस म्हणायचं नव्हतं. गॅस म्हणजे तर घरात ठेवलेला बॉम्ब! पण माझं शेवटपर्यंत ऐकतो कोण.

१२ मार्च
ईरम्माचं रोज तेच. "गॅस कवा आणतो तुजा बाप?" नवरा बसवराज आईचीच री ओढतो. पत्र्यातून सगळं ऐकू येतं. डोक्यावरून पांघरूण घेतलं.

१५ मार्च
नीलम्मा स्टोव्ह घेऊन दारात. "अज्जा, हवाच ऱ्हाईना. वायसर बदलून द्या की." मिलमध्ये फिटरच्या हाताखाली होतो, तेवढं येतं. म्हटलं ठेव, नवा वायसर आणतो, तोवर चुलीवर कर.

"चुलीवरच बरं. तुमाला तरी झोप लागंल!"

पोरीने माझी चेष्टा केली. बरं वाटलं. किती दिवसांनी कोणी हसून बोललं.

१६ मार्च


दुपारी पलीकडे आरडाओरडा, मग किंकाळी. दार उघडलं तर नीलम्मा पेटलेली, अंगणात धावत आली. घोंगडी टाकली, दाबून धरली. अंगभर रॉकेलचा वास. दारात उभी राहून ईरम्मा ओरडत होती — "स्टोव्ह भडकला! स्टोव्ह भडकला!"

स्टोव्ह माझ्या खोलीत होता. खोललेला, टाकी रिकामी.

तिला दवाखान्यात नेलं. मागोमाग बसवराज माझ्या खोलीत आला, कडी लावली. "आप्पा, तेवडा स्टोव्ह द्या." मी दिला. का दिला? तो हात पुढे करून उभा राहिला आणि मी दिला! मग पलीकडे दगडाने ठोकल्याचा आवाज.

१७ मार्च
फौजदार आला. चुलीशेजारी फुटका, काळा झालेला स्टोव्ह मांडून ठेवलेला. चनमल्लप्पा गल्लीदेखत म्हणाले, "ह्या आप्पांना इचारा. कवाधरनं सांगत व्हते! आमीच न्हाय ऐकलं." रडले सुद्धा. लोक म्हणाले — व्हय व्हय, सारखं सांगत व्हते. जन्मात पहिल्यांदा माझं म्हणणं सगळ्यांना पटलं!

उद्या जबाबाला बोलावलंय.

ईरम्माने स्वतः ताट आणलं. "जेवा आप्पा. तुमी घरचंच माणूस. ह्या वयात दुसरीकडं कुटं जाणार?" माया होती की धमकी, कळलं नाही. ताट तसंच झाकून ठेवलं.

१८ मार्च
नीलम्मा वाचत नाही म्हणतात. शुद्ध नाही.

गावी, माढ्याला, आता माझं कोणी नाही. खरं बोललो की सामान रस्त्यावर. ती तर जातेच आहे, असं मनाशी म्हणालो. असं म्हणालो मी!

फौजदाराने विचारलं, "स्टोव्ह धोक्याचा होता?"
"होता."
"तुम्ही आधी बजावलं होतं?"
"होतं."

इथपर्यंत एक शब्द खोटा नव्हता. मग त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं — स्टोव्हचा भडका उडताना मी समक्ष पाहिला. "असंच ना?" बाहेर चनमल्लप्पा बाकावर बसून होते. मी सही केली.

२० मार्च
दुकानदार आज हसला नाही. "आप्पा, तुमचंच खरं झालं की वो." रॉकेल न घेताच परत आलो.

पलीकडे शांत आहे. भसभस नाही. हीच शांतता मागत होतो ना?

२३ मार्च
नीलम्मा शुद्धीवर आली. बोलली. सासूने रॉकेल ओतलं, नवऱ्याने काडी लावली. म्हणाली, स्टोव्ह अज्जांकडं होता, त्यांना विचारा.

फौजदार म्हणाला, तिच्या जबाबाविरुद्ध साक्ष एकच आहे. माझी.