हंगामी मॅनेजर

२ नोव्हेंबर
आज सकाळी मी फुटबॉल खेळाडू म्हणून निवृत्त झालो. नोटीस बोर्डावरच्या यादीत माझं नाव नव्हतं, हा योगायोग. निर्णय माझा कधीच झाला होता. फक्त तो मला बोर्डासमोर उभा राहिल्यावर कळला.

घरी सांगितलं, सतरा वर्षांत अकरा क्लबांना मी हवासा वाटलो. बायको दातांची डॉक्टर. कुणाच्या तरी दाढेचा एक्स-रे उजेडात धरून बघत होती. मान न वळवता म्हणाली, आणि अकराही क्लबांना नकोसा. आकडा बरोबर आहे. दृष्टी चुकीची.

९ नोव्हेंबर
मॅनेजर गेले. पत्रकात पाठदुखी लिहिलंय. नऊ मॅचमध्ये सात वेळा हरल्यावर कुणाचीही पाठ धरेल. तळाचे दोन संघ खालच्या डिव्हिजनला जातात, आणि आम्ही तळालाच बसलोय.

अध्यक्षांनी बोलावलं. त्यांचा गाद्यांचा कारखाना आहे. मला नमुन्याच्या गादीवर बसवलं, त्यामुळे संपूर्ण मुलाखतभर मी त्यांच्या टेबलापेक्षा खाली होतो. म्हणाले, दुसरं कुणी मिळेपर्यंत तुम्ही बघा. पत्रात 'हंगामी मॅनेजर' असं आहे. हंगामी म्हणजे अर्थातच अख्ख्या हंगामाचा.

आधी मास्तरांना विचारलं होतं म्हणे. मास्तर म्हणजे असिस्टंट, साठीचे, आठ मॅनेजर पचवलेले. ते म्हणाले, मला भाषणं जमत नाहीत. मला जमतात.

११ नोव्हेंबर, सकाळी ७
संकल्प: आवाज चढवायचा नाही. रोज एका खेळाडूची पाठ थोपटायची. सगळ्यांनी मला 'सर' म्हणायचं.

११ नोव्हेंबर, दुपारी १
'सर' कुणी म्हणालं नाही. 'आडव्या' म्हणाले. हे माझं जुनं नाव, मी पास आडवा द्यायचो म्हणून. (ते सुरक्षित पास होते.) आवाज चढवून समज दिली. राइट बॅकने विचारलं, 'आडव्या सर' चालेल का? तडजोड म्हणून हो म्हटलं. ज्याची पाठ थोपटली त्याची पाठ आधीच आखडलेली होती. फिजिओकडे आहे.

१६ नोव्हेंबर
पहिली मॅच. फळ्यावर लोहचुंबक लावून प्लॅन समजावला. लाल ते आपले, निळे ते त्यांचे. एक लाल हरवला, म्हणून पिवळा लावला. राइट बॅक शेवटपर्यंत विचारत होता, की पिवळा नक्की कुणाच्या बाजूने आहे.

०–४. पण चौथ्या मिनिटापर्यंत प्लॅन अगदी लिहिल्यासारखा चालला होता.

२९ नोव्हेंबर
कठोर व्हायचं ठरवलंय. सुरुवात लंबूपासून. लंबू आमचा गोली. दोन क्लबांत मिळून सहा वर्षं माझा रूम पार्टनर. माझ्या लग्नात सगळ्यात जास्त रडला तो हाच. छत्तीस वर्षांचा झालाय, खाली वाकताना आवाज येतो. मॅनेजरला मित्र नसतात, असं मीच काल आरशासमोर म्हटलं आणि मला ते पटलं.

उद्या त्याला समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून सांगणार, की तू संघाबाहेर.

३० नोव्हेंबर
मेसेज पाठवला. पार्किंगमध्ये, गाडीत बसून. पाठवल्यावर शेजारच्या गाडीत फोन वाजला. लंबू. त्याने वाचला. मी सीट मागे पाडून आडवा झालो. दहा मिनिटांनी काचेवर टकटक झाली. म्हणाला, हे खिडकी खाली करून सांगायचं होतंस. एवढंच. गेला.

मी त्याला म्हणालो की खिडकीचं बटण बिघडलंय. बिघडलेलं नाही.

१४ डिसेंबर
राखीव गोली खरं म्हणजे चपळ आहे. फक्त त्याची चपळाई बॉल आत गेल्यावर सुरू होते. १–५. मास्तरांना म्हटलं, गोलीत बदल हा दीर्घ पल्ल्याचा विचार असतो. मास्तरांनी विचारलं, पल्ला शनिवारपर्यंतचा चालेल का?

१७ डिसेंबर
लंबूच्या घरी गेलो. त्याला माफ करायचं होतं. गच्चीवर कपडे वाळत घालत होता. त्याने चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. चादर पिळली, झटकली, घातली. मग दुसरी. तिसऱ्या चादरीला मी म्हणालो, शनिवारी खेळशील? तो म्हणाला, विचारतोयस की मेसेज करणारेस? मी म्हणालो, विचारतोय. म्हणाला, उशांचे अभ्रे राहिलेत.

थोडक्यात, मी त्याला माफ केलं.

२१ डिसेंबर
०–०. माझा पहिला पॉइंट! लंबूने तीन अचाट बॉल अडवले. त्याला तीन आठवडे बसवल्यामुळे तो किती ताजातवाना झाला, हे बायकोला समजावून सांगितलं. तिने दिवा बंद केला. दुपार होती, दिव्याची तशी गरज नव्हती.

१८ जानेवारी
रेफरीचा अन्याय. सविस्तर लिहितो.

आम्ही १–१ वर. मी टच लाइनवर उभा राहून सूचना देतोय. बॉल माझ्या दिशेने आला. मैदानाबाहेर जाईल असं वाटलं. गेला नाही. माझा पाय आपोआप पुढे झाला. बॉल सुरेख थांबवला आणि शेजारी पास दिला. आडवा. त्यांच्या स्ट्रायकरला. त्याने गोल केला.

तो गोल रद्द झाला, हे माझं नशीब. रेड कार्ड मला, हे माझं दुर्दैव. बाहेर जाताना प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. लेक स्टँडमध्ये होती. बारा वर्षांची आहे, शाळेच्या संघात मिडफिल्डलाच खेळते. म्हणाली, बाबा, ते टाळ्या वाजवत नव्हते, ते हसत होते, हात आपोआप वाजत होते.

दोन मॅचची बंदी.

२५ जानेवारी
घरी बसून फोनवरून मास्तरांना सत्तेचाळीस सूचना पाठवल्या. २–० जिंकलो. बंदीचा असा उपयोग कुणी केला नसेल.

१ फेब्रुवारी
पुन्हा बंदी, पुन्हा विजय. ३–१. आज साठ सूचना. अध्यक्षांचा फोन आला. फारच खूश. म्हणाले, काय जादू झाली हो? मी नम्रपणे म्हटलं, तत्त्वज्ञान मुरायला वेळ लागतो.

३ फेब्रुवारी
मास्तर म्हणाले, त्यांचा फोन पंधरवडाभर दुरुस्तीला होता. आज मिळाला. एकशेसात मेसेज एकदम आले. त्यांना वाटलं घरी कुणाला काही झालं.

विचार केला. तत्त्वज्ञान मुरल्यावर सूचनांची गरजच उरत नाही. हे त्याचंच लक्षण.

२९ मार्च
मी परत बेंचवर आल्यापासून दोन विजय, तीन बरोबरीत, दोन पराभव. मास्तर सरावात बोलतात फार कमी. खेळाडू मात्र माझं बोलणं संपलं की त्यांच्याकडे बघतात. ते मान हलवतात. मग खेळाडू पळतात. दुजोरा द्यायला कुणी असलं की बरं असतं.

लेकीने परवा सल्ला मागितला. समोर दोघी अंगावर आल्या तर काय करायचं? मी म्हणालो, शेजारी बघ. तिने विचारलं, आणि पुढे मोकळी जागा असली तर? उद्या सांगतो म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

१६ मे, सकाळी ९
शेवटची मॅच. एक पॉइंट मिळाला की वाचलो. भाषण तयार आहे, चौदा मिनिटांचं. त्यात समुद्र आहे, होकायंत्र आहे, शेवटी मी टेबलावर मूठ आपटतो. बाथरूममध्ये दोनदा म्हटलं. बायकोने दार वाजवून विचारलं, आत कोण कोण आहे?

१६ मे, संध्याकाळी ७
१–१! वाचलो!

लिहून ठेवायचं ते नीट लिहितो. मॅचआधी भाषण होकायंत्रापर्यंत आलं आणि मैदानात यायची बेल झाली. हाफ टाइमला ०–१. सगळे माझ्याकडे बघत होते. खालच्या डिव्हिजनला गेलो तर यातल्या निम्म्यांना क्लब काढून टाकणार, हे त्यांना माहीत होतं, मलाही. असं काढलं जाणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. तोंड उघडलं. समुद्र आठवेना. काहीच आठवेना. लंबू हळूच म्हणाला, आडव्या, बस जरा. आणि बाकावर सरकून त्याने जागा केली. मी बसलो. मास्तर उभे राहिले. म्हणाले, त्यांचा डावा बॅक दमलाय, तिथूनच जा, आणि पाणी प्या. संपलं.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला तिथूनच गोल. शेवटच्या मिनिटाला लंबूने बोटाच्या टोकाने बॉल बारवरून बाहेर ढकलला.

हे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. हाफ टाइमला मी काहीच केलं नाही.

१६ मे, संध्याकाळी ७.२०
वरचं पुन्हा वाचलं. काहीच न करण्याची वेळ ओळखणं, यालाच नेतृत्व म्हणतात.

२३ मे
अध्यक्षांनी उद्या बोलावलंय. तीन वर्षांच्या करारापेक्षा कमी ऐकून घेणार नाही. गादीवर बसणार नाही. नवा कोट इस्त्री केला.

२४ मे
गादीवर बसवलं.

अध्यक्ष म्हणाले, मास्तरांना मॅनेजर करतोय. या वेळी ते हो म्हणाले, पण एक अट घातली. तुम्हाला काढायचं नाही. मी विचारलं, का? अध्यक्ष म्हणाले, मीही तेच विचारलं. मास्तर म्हणाले, खेळाडूंना तो आवडतो.

उठायला गेलो. गादीतून उठता येईना.

पद: असिस्टंट, साहित्य विभाग. म्हणजे बॉल, सरावाचे कोन, जाळ्या, रंगीत बंड्या. अध्यक्षांनी ड्रॉवरमधून एक किल्ली काढून दिली. साहित्याच्या खोलीची. आजवर कुठल्याच क्लबाने मला कशाची किल्ली दिली नव्हती.

बायकोला सांगितलं, मी मास्तरांना मॅनेजर म्हणून ठेवून घेतलंय. तिने माझ्याकडे बघितलं. पोळी वाढली.

१ जुलै, सकाळी ६.४०
नव्या हंगामाचा पहिला सराव. सर्वांच्या आधी पोहोचलो. किल्ली कुलपाला लागत नाही. डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, फुंकर मारली. पायरीवर बसून लिहितोय.

१ जुलै, सकाळी ८
मास्तर सात वाजता आले. कुलूप हाताने खाली ओढलं. उघडलं. ते तीन वर्षांपासून नुसतंच अडकवलेलं असतं, म्हणाले.

आत बावीस बॉल. एकोणीसमध्ये हवा नव्हती. भरली.

किल्ली मात्र मी परत दिलेली नाही.