कमरेचे पिस्तूल व इतर मालमत्ता यांबाबत

मी, ओलेटा फे हार्गिस, वय सहासष्ट, कै. लॉयड हार्गिस यांची पत्नी, धंदा शिवणकाम, राहणार कोल्टर्स गॅप, टेनेसी, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे ते आज माझ्या वकील मिसेस पीटी यांच्या कचेरीत बसून लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मी नशेत नाही, माझ्यावर कोणाची बळजबरी नाही. मी घाबरलेली मात्र आहे. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते का, असे मी विचारले तेव्हा मिसेस पीटी म्हणाल्या, "चालतं. पण कशाला घाबरलात तेही त्यातच लिहा. नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल, बाईचं डोकं फिरलं होतं." म्हणून लिहिते. याआधी लॉयडच्या हयातीत केलेले मृत्युपत्र मी रद्द करते.

कलम १. माझे राहते घर, मागची जमीन आणि बँकेतील शिल्लक माझी एकुलती एक मुलगी केंड्रा हिला मिळावी. तिचा पत्ता येथे लिहिलेला नाही. मृत्युपत्र कोर्टात दाखल झाले की कोणालाही मागवून वाचता येते, असे मला सांगण्यात आले आहे. केंड्राचा घटस्फोटित नवरा ट्रेंट मॅब्री ते वाचणार, हे धरूनच मी लिहीत आहे.

तर ट्रेंट, पत्ता घरात कुठेही नाही. फरशी उचकटू नकोस. केंड्राने तो मला फोनवर सांगितला, मी चिठोऱ्यावर लिहून घेतला, पाठ केला आणि चिठोरा सिंकमध्ये जाळला. माझी बहीण जेरी हिला तो ठाऊक नाही. मी सांगायला गेले तेव्हा ती कानावर हात ठेवून म्हणाली, "मला सांगू नकोस बाई. माझ्या पोटात काही राहत नाही." केंड्रा स्वतः होऊन मिसेस पीटींना कळवेपर्यंत सर्व काही त्यांच्या ताब्यात राहावे, मग त्याला दहा वर्षे लागोत.

कलम २. माझे पिस्तूल. याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल.

फेब्रुवारीत केंड्रा मुलांना घेऊन, मनगट मोडलेल्या अवस्थेत राज्य सोडून गेली. तिच्या किंवा माझ्या जवळ यायचे नाही, असा कोर्टाने ट्रेंटला हुकूम केला. एप्रिलपासून त्याचा पिकअप माझ्या घरासमोरच्या रस्त्यावर, हुकुमात लिहिलेल्या अंतराच्या जेमतेम पलीकडे उभा राहू लागला. तो आत बसून सँडविच खातो आणि माझ्या खिडकीकडे बघतो. तक्रार घ्यायला आलेला पोलीस म्हणाला, "रस्त्यावर गाडी लावणं हा गुन्हा नाही, मॅडम." त्याच्या विजारीची शिलाई मीच उसवून सैल करून दिली होती. ती मी परत घट्ट करून देऊ शकते.

जूनच्या अखेरीस मी हॉइटच्या बंदुकीच्या दुकानात गेले. त्याने काउंटरवर एक काळे पिस्तूल ठेवले. माझ्या टाचण्यांच्या डबीपेक्षा जरासेच मोठे.

"एवढंसं?" मी म्हणाले.

"लहान आहे म्हणून साधं समजू नका, ओलेटाबाई," हॉइट म्हणाला. "मोठं पिस्तूल झटका स्वतः सोसतं. हे तुमच्या मनगटाला देतं."

तसेच झाले. मुठीत धरले तर करंगळीला जागाच नाही, ती अधांतरी. गोळी चढवण्यासाठी वरचा भाग मागे ओढायला माझ्या संधिवाताच्या बोटांना जोर पुरेना; पोटाशी धरून, अंग वाकवून ओढावा लागला. दुकानामागच्या मैदानात दहा गोळ्या झाडल्या. तीन कागदावर लागल्या, बाकीच्या डोंगराला. अंगठ्याजवळचे कातडे सोलून निघाले. मला सर्वांत जास्त भीती वाटली ती एका गोष्टीची. मी विचारले, "हे बंद कुठे करायचं?"

"याला बंद करायचा खटका नाही. बोट चापाच्या बाहेर ठेवायचं, एवढंच याचं कुलूप."

चाळीस वर्षे मी गावाची पोटे झाकली. लग्नाच्या पोशाखात नवरीचे चार महिन्यांचे पोट लपवले, ते कोणाला कळले नाही. पण कमरेला लावलेल्या या वस्तूचा मुठीकडचा कोपरा कपड्यातून दिसायचाच. शेवटी मी माझ्या सगळ्या शर्टांना उजव्या बाजूला घेर वाढवायला कळी घातली. बसले की नळी मांडीत रुतायची. खाली पडलेली टाचणी उचलायला वाकता येईना. चर्चमध्ये कोणी मिठी मारली तर हाताला लागेल म्हणून मी मिठ्या मारायचे सोडले, आणि बायकांना वाटले मी रागावले आहे. आधी मी पिकअप दिसला की घाबरायची. पिस्तूल लावल्यापासून टपालवाला आला तरी घाबरू लागले, कारण आता प्रत्येक आवाजाला काय करायचे ते मला ठरवावे लागत होते.

ऑगस्टमध्ये भर दुपारी मी पडद्याची किनार दुमडत होते. मागचे जाळीचे दार करकरले. त्या दाराने कोणी येत नाही. मी चाप ओढल्याचे मला आठवत नाही. आवाज आठवतो. चौकटीचे लाकूड उडाले, आणि तिथून वीतभर अंतरावर माझी धाकटी बहीण जेरी उभी होती. तिच्या हातातले राजम्याचे भांडे पायाशी फुटले होते.

जेरी माझ्याशी नऊ वर्षे बोलली नव्हती. आईच्या गोधडीवरून आमचे भांडण झाले होते. ट्रेंटचे कानावर आले म्हणून ती आपण होऊन आली होती.

"नऊ वर्षांनी तुझ्या दारात पाय ठेवला, ओलेटा," ती म्हणाली, "आणि तू गोळी घातलीस?"

मग ती राजम्यातच खाली बसली आणि हसू लागली, आणि ते हसणे कधी रडण्यात गेले ते आम्हा दोघींना कळले नाही. तिच्या डाव्या कानात अजून शिट्टी वाजते. ती त्याच संध्याकाळी बॅग घेऊन माझ्याकडे राहायला आली.

तरीही मी पिस्तूल कमरेला लावायचे सोडलेले नाही. लाज वाटते, पण खोटे लिहीत नाही. आज ते गाडीत कुलपात आहे. माझ्यामागे ते हॉइटने जेरीच्या समोर करवतीने कापावे. ते कोणत्याही परिस्थितीत केंड्राकडे जाऊ नये. मी ते घेतल्याचे कळले तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, मला दे ते. एकदाच लागेल." तिचा आवाज अगदी शांत होता. त्या शांतपणाची मला ट्रेंटइतकीच भीती वाटली.

कलम ३. शिवणाची दोन्ही यंत्रे, कात्र्या, बटणांचे डबे आणि लाकडी पुतळा जेरीने विकून पैसे स्वतःसाठी ठेवावेत. मोठी कात्री कागद कापायला वापरू नये. आईची गोधडी तिच्याकडेच आहे. गोळीनंतर तिसऱ्या दिवशी तिने ते कबूल केले. गोधडीवरचा हक्क मी सोडते. ती माझी होती, एवढे मात्र येथे नोंदवून ठेवते.

कलम ४. हे मृत्युपत्र आजच करण्याचे कारण.

१ ऑक्टोबरला, रविवारी, चर्चहून येऊन आम्ही शूज काढत होतो. ट्रेंट सरळ ओसरीच्या पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. जेरीने फोन उचलून पोलिसांना लावला आणि मोठ्याने घराचा नंबर सांगू लागली. माझा हात शर्टाखाली गेला.

"सासूबाई, कमरेला काय लावलंय?" तो म्हणाला. "काढा की. बघू तरी."

माझा हात मुठीवर होता. बोट बाहेर होते. मागच्या दाराच्या चौकटीतले भोक माझ्या डोळ्यांसमोर होते. मी गोळी झाडली तर ती कुठे जाईल हे मला माहीत नव्हते, आणि माझ्या मागे जेरी होती. मी काढले नाही.

"पत्ता नका देऊ," तो म्हणाला. "मला कुठे घाई आहे? तुमचं वय झालं. आज ना उद्या जाल. आईला पुरायला येईलच ना ती?"

मग टोपीला हात लावून तो निघून गेला. हुकूम मोडला म्हणून त्याला दोन दिवस आत ठेवले आणि सोडले.

त्या दिवसापासून मला माझ्या मरणाची भीती वाटते ती माझ्यासाठी नाही. मी मेले की माझी मुलगी घराबाहेर निघेल, काळे कपडे घालेल, गाडीत बसेल, आणि कुठे येऊन थांबायचे ते त्याला ठाऊक असेल.

कलम ५. म्हणून माझा अंत्यविधी करू नये. वर्तमानपत्रात बातमी देऊ नये. चर्चने घंटा वाजवू नये. माझा देह जाळावा आणि राख कुठे ठेवली ते फक्त जेरीला ठाऊक असावे. ती हे पोटात ठेवील. तिने मला बायबलावर हात ठेवून शब्द दिला आहे.

केंड्रा, येऊ नकोस. ही माझी विनंती नाही, ही अट आहे. तू आलीस तर कलम १ रद्द समजावे आणि सर्व काही काउंटीला जावे. मिसेस पीटी म्हणाल्या, अशी अट आईला शोभत नाही. मी म्हणाले, "शोभू दे नाहीतर नको. ती ऐकेल असं लिहा." तू जिथे आहेस तिथे, ज्या दिवशी कळेल त्या दिवशी, मुलांना पोटभर जेवू घाल आणि दार लावून घे.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

(सही) ओलेटा फे हार्गिस

आम्ही खाली सही करणार साक्षीदार. ओलेटा हार्गिस यांनी आमच्यासमक्ष संपूर्ण मजकूर ऐकला व सही केली. आम्ही दोघींनी त्यांच्यासमक्ष व एकमेकींसमक्ष सही केली. त्या पूर्ण भानावर होत्या.

साक्षीदार १: ग्लेंडा रूथ ऑस्टीन, निवृत्त ग्रंथपाल. पत्ता: ४१८, मिल स्ट्रीट, कोल्टर्स गॅप, टेनेसी.

साक्षीदार २: तमारा लिन वोस, कचेरीतील टंकलेखिका. पत्ता: मजकूर ऐकल्यानंतर साक्षीदाराच्या विनंतीवरून लिहिलेला नाही.

स्थळ: कोल्टर्स गॅप, टेनेसी
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२३