आईच्या रक्तात हळद उतरवण्याचा प्रयोग

४ जानेवारी २०२६, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प आज केला. चार दिवस उशीर झाला, पण तारखेला महत्त्व नसतं, निर्धाराला असतं. संकल्प: शिफ्ट ड्यूटी बंद. बारा वर्षं एमआयडीसीत रिअॅक्टरचे व्हॉल्व्ह फिरवतोय. आता कंपनीच्या आर अँड डीत एक जागा रिकामी होतेय. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, इच्छुकांनी स्वतःचा एकेक प्रयोग मांडायचा. हेड स्वाती मॅडमना ज्याचा पसंत पडेल त्याची बदली. बाकीच्यांना आत्ताच सांगून टाकावं का, की उगाच मेहनत घेऊ नका? नको. बरं दिसणार नाही.

५ जानेवारी
विषय घरातच सापडला. आई. कराडकडच्या गावाहून परवा आली ती गुडघे धरूनच. आमचा सालवडचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिला चढायला चार मिनिटं चाळीस सेकंद लागले (मी मोजले). आज पालघरला डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, हाडं वयाच्या मानाने ठीक आहेत, बसून राहू नका, पाय हलते ठेवा. एवढं सांगायला एमडी कशाला व्हावं लागतं?

६ जानेवारी, पहाटे ५.१०
हळद! हळदीचे गुण जगाला माहीत आहेत. अडचण वेगळीच आहे. ती पोटात जाते, रक्तात जात नाही. पाण्यात विरघळत नाही, आणि आतड्यातून चुकून थोडी आत गेलीच तर लिव्हर तिला लगेच बाहेरचा रस्ता दाखवतं. म्हणजे फीड, आत घातलेला माल, भरपूर; यील्ड, हाती लागणारा माल, जवळजवळ शून्य. हा डॉक्टरचा प्रश्नच नाही, प्लांटचा आहे. आणि प्लांट मला कळतो.
उपाय: तूप, कारण हळद त्यात विरघळते. मिरी, म्हणजे लिव्हर जरा थांबून राहील. आणि सोया लेसिथिन, म्हणजे तूप-पाणी एकजीव होऊन थेंब इतके बारीक होतील की आतड्याला कळायच्या आत पलीकडे.

८ जानेवारी
पहिली बॅच. मिक्सर वीस मिनिटं सलग. एकोणिसाव्या मिनिटाला धूर. भांडं पिवळं, ओटा पिवळा, बायकोचा, म्हणजे प्रतीक्षाचा, नवा ड्रेस पिवळा. म्हणाली, आता यात इडलीचं पीठ वाटलं तर ढोकळे होतील. मी तिला शांतपणे सांगितलं की विज्ञानाची किंमत मोजावी लागते. ती कोण मोजणार हे तिने सांगितलं. मिक्सर रिपेअरला मीच घेऊन गेलो.

९ जानेवारी
सहभागी चार: आई, मी, प्रतीक्षा आणि प्लांटमधला माझ्या हाताखालचा ऑपरेटर बन्सी (कंबरदुखी). डोस: सकाळ-संध्याकाळ एकेक कप. चव: नोंदवण्याची गरज नाही.

१० जानेवारी
कालपासून छातीत जळजळ. प्रत्येक प्रयोगात औषध न घेणारा एक गट लागतोच. तो गट मी व्हायचं ठरवलं. हा एक प्रकारचा त्यागच. प्रतीक्षा म्हणाली, मग मीही त्यागाला तयार आहे. तिची पिवळी बोटं बघून वाद घातला नाही.

१२ जानेवारी
आईने कप हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाली, "निवल्यावर पिते, तू जा ड्यूटीला." शंका आली. प्लांटमध्ये बॅच संपली की आम्ही रिअॅक्टर आतून पांढऱ्या कापडाने पुसून बघतो. कणभर माल राहिला तरी कापड चुगली करतं. तीच पद्धत घरी लागू. रोज शिफ्टवरून आल्यावर बेसिन, मोरी, संडास आणि कुंड्या पांढऱ्या रुमालाने तपासायच्या. हळद ओतली तर लपणार नाही. पुढे गैरसमज नको म्हणून आईला सगळं नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "लय हुशार हायस बाबा."

१८ जानेवारी, रविवार
रुमाल आठवडाभर पांढराशुभ्र. जिना: चार मिनिटं दहा सेकंद. तीस सेकंदांची बचत! प्रतीक्षाला आलेख दाखवला. तिने विचारलं, दुरुस्त होऊन आलेला मिक्सर मला कधी मिळणार?

२३ जानेवारी
अनपेक्षित लाभ. आईची बुद्धी तल्लख होतेय. गेटवर भाजी विकणाऱ्या लाडकीकडची वालपापडी आज कोवळी आहे, लाडकीच्या सुनेला सातवा महिना आहे, बी विंगमध्ये नवीन भाडेकरू आलाय, हे सगळं तिला घरात बसून माहीत! हळदीचा परिणाम मेंदूपर्यंत जातो असं वाचलं होतं. विज्ञान दिनाच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड वाढवली.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर सोसायटीची मीटिंग. मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर कोणीतरी रोज पिवळं, तेलकट काहीतरी ओततंय. मी उभा राहून बोललो. शिकलेल्या लोकांनाही सिव्हिक सेन्स नाही, म्हणालो. टाळ्या पडल्या. निषेधाच्या पत्रावर पहिली सही माझी.

१ फेब्रुवारी, रविवार
जिना: तीन मिनिटं पंधरा. आईची चप्पल झिजली. घरात बसणाऱ्या बाईची चप्पल महिन्याभरात झिजते? हल्ली क्वालिटी कंट्रोल कुठेच राहिला नाही. स्टेशनजवळून नवी आणली.

८ फेब्रुवारी, रविवार
दोन मिनिटं पन्नास. काल बन्सीला विचारलं. "साहेब, लय फरक हाय," म्हणाला, आणि रजेचा अर्ज पुढे केला. सही करून टाकली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
दोन मिनिटं पंचवीस!! शेवटच्या मजल्यावर मला धाप लागली, आईला नाही. मिरी वाढवलीय. स्लाइड एकूण बत्तीस. आर अँड डीत टेबल खिडकीजवळचं मागावं का? एसीचा झोत मानेवर येतो म्हणतात. विचार करून ठेवला पाहिजे.

२७ फेब्रुवारी
स्वाती मॅडमनी आलेख आधी मागवून पाहिला. म्हणाल्या, फारच चांगला आहे, उद्या पेशंटला आणता येईल का? आई नको-नको म्हणत होती. "मला कशाला रं तितं नेतोस?" तिला म्हटलं, माझं आयुष्य बदलणार आहे उद्या. मग तिने ठेवणीतलं लुगडं काढलं. शिफ्टचे बूट बन्सीला देऊन टाकावेत असं मनात आहे.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ ७
जे झालं ते क्रमाने लिहितो.
स्लाइड छान गेल्या. फीड-यील्डच्या स्लाइडला प्लांट मॅनेजरांनी मान डोलावली. मॅडम उठून आईजवळ गेल्या, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, आजी, तुम्हाला एवढा गुण आला, आता हेच औषध वृद्धाश्रमातल्या शंभर जणांना देऊन बघू.
आईचा चेहरा पडला. माझ्याकडे बघितलं. मग मॅडमना म्हणाली, "नको गं पोरी. शंभर म्हाताऱ्यांस्नी त्ये पाजू नगंस. पाप लागंल."
मग तिने सगळं सांगितलं. पहिला घोट घेतला त्या दिवशी दुपारपर्यंत मळमळत होतं. बेसिनात ओतावं तर मी रुमाल फिरवतो. मोरीत ओतावं तर तिथेही रुमाल. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ कप पदराखाली झाकून ती तीन मजले उतरायची, मागच्या भिंतीपाशी ओतायची, लाडकीपाशी घटकाभर टेकायची आणि तीन मजले चढून वर यायची. लाडकीच्या बकरीपुढे एकदा कप धरून बघितला. लाडकी म्हणाली होती, "आजी, ह्या तं बकरी पन नाय चाटत." माझ्या प्रयोगाबद्दल एवढं स्पष्ट मत आजवर कोणी दिलं नव्हतं.
"माझ्या पोराचं मन मोडंल म्हणून गप हुते," आई म्हणाली. "पन परक्याच्या पोटात कशाला घालायचं?"
हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने बन्सी हसला. प्लांट मॅनेजरांनी वळून त्याला विचारलं, तुझं काय? त्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी ते भाजीत घातलं होतं. भाजीसकट फेकून दिलं.
मॅडम हसल्या नाहीत. आलेख पुन्हा लावायला सांगितला आणि म्हणाल्या, आकडे खरे आहेत, फक्त खालची ओळ बदला. 'हळदीचे डोस' खोडा, 'जिने' लिहा.
जागा क्यूसीतल्या प्रियंकाला मिळाली.

१ मार्च, रविवार
उद्यापासून फर्स्ट शिफ्ट, सकाळी सात. बूट बन्सीला दिले नव्हते ते बरं झालं.
हिशेब पूर्ण करतो. सहभागी चार. पहिल्या दिवसानंतर औषध खरोखर घेणारे शून्य. आतड्याने किती शोषलं: तपासताच आलं नाही. तांत्रिकदृष्ट्या माझी थिअरी चुकीची ठरलेली नाही.
पण वाईट वाटलं. खूप. दुपारी आईला विचारलं, आधीच का नाही सांगितलंस? शेंगा सोलत होती. म्हणाली, "पाळीवरनं आलास की भिताडाकडं तोंड करून झोपायचास. मागल्या खेपेला महिनाभर ऱ्हायले, धा शब्द बोलला नसशील. ह्या येळंला कप घिऊन रोज जवळ बसायचास, हळद कुठनं कुठं जाती ते सांगायचास. म्या म्हणलं, चालू दे."
शेंगा सोलायला बसलो.
थोड्या वेळाने म्हटलं, आता ते बंद करतो, तुझी सुटका. तर हात थांबवून म्हणाली, "बंद कशापायी? बिनकामाची जिना उतराय मी काय येडी हाय? तू करत जा. मी टाकत जाईन."
मॅडमचं वाक्य राहू दे बाजूला, पेशंटचा आग्रह महत्त्वाचा. उत्पादन उद्यापासून पुन्हा सुरू. मिरी मात्र अजून थोडी वाढवून बघावी म्हणतो.