फॉर्मवर लिहिलेलं 'नाही'

सौंसर
१९ जानेवारी २०२६

ती. अनुराधाताई यांस,

सुचिताचा साष्टांग नमस्कार. तुम्ही, भाऊजी, मयूर सगळे बरे असाल.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. पांढुर्णा इथून तासाभराच्या वाटेवर, हातात मोबाइल, आणि ही बाई पत्र लिहून राहिली! पण डिसेंबरपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. आणि उचलला तरी ह्या घरात माझं बोलणं ओसरीपर्यंत ऐकू जातं. मागच्या हप्त्यात न्हाणीघरातून लावला, तर आई दाराबाहेरून म्हणाल्या, "कोनाशी बोलून राहिली वो?" मी नळ सोडला आणि फोन ठेवला.

इकडे मानसीची बारावीची प्रॅक्टिकलं सुरू आहेत. रामाकोन्याच्या बगीच्यात मृगाची संत्री रंग धरून राहिली. आईंचे गुडघे तसेच. तुमच्या भावाचं क्रिएटिनिन बुधवारी दोन पॉइंट तीन आलं. नागपूरला नेलं तेव्हा चार पॉइंट एक होतं. डायलिसिस टळलं, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. पण डॉक्टर म्हणतात, किडनी पहिल्यासारखी आता होणार नाही.

नागपूरच्या वॉर्डात तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलं, "तू नर्स असून तुले दिसलं नाही?" मी खाली पाहत राहिले. तुम्हाला वाटलं असेल हिच्याजवळ उत्तर नाही. उत्तर होतं, ताई. दिसलं होतं. सगळ्यांच्या आधी मलाच दिसलं होतं.

पोळ्याच्या आधी आमच्या उपकेंद्रात एक सर्व्हे आला. तिशीच्या वरच्या कोणत्या माणसाला युरिक ॲसिड वाढायचा धोका आहे, हे रक्त न काढता आधीच ओळखायचं. एका पानाचा फॉर्म. वय, वजन, कमरेचा घेर, बीपी, बीपीची गोळी कोणती, दारू किती, घरात कोणाला गठिया, म्हणजे सांधे सुजायचं दुखणं, किंवा किडनीचा त्रास होता का. उत्तरं मोबाइलमध्ये भरली की एक आकडा येतो. बारा किंवा वर आला तर त्या माणसाचं रक्त तपासायचं. खाली आला तर पथ्याचा कागद देऊन परत पाठवायचं. डॉक्टर वृषाली मॅडमनी मला शिकवलं आणि मी दोनशे सत्तर माणसांचे फॉर्म भरले. खोटं बोलणारा मला चेहऱ्यावरून कळू लागला होता. कोणी "कधीमधी घेतो जी" म्हणालं की मी हसून विचारायची, "कधी किती आणि मधी किती, भाऊ?"

मग एक दिवस शाळेच्या व्हरांड्यात फॉर्म भरत होते, तिथे तुमचे भाऊ माझ्यासमोर येऊन बसले. तुम्हाला माहीत आहे, मंडीत माल तोलणाऱ्या तोलाईदाराला लोक मान देतात. बाकावरचे दोघं उठून उभे राहिले. मी दारूचा प्रश्न वाचला. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "लिही, नाही." मी लिहिलं. घरात कोणाला गठिया? "नाही. बाबा म्हातारपणानं गेले." तेही लिहिलं. आकडा नऊ आला. पथ्याचा कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

ते गेल्यावर मी खरी उत्तरं टाकून पाहिलं. सतरा. मी ते पुसून टाकलं.

दसऱ्याला अंगठा सुजला. लालभडक, चादर लागली तरी ओरडायचे. रक्त तपासू म्हटलं तर म्हणाले, "तपासलं का गावभर होते. सुई दे अन् मोकळी हो. मंडीत कापूस उतरून राहिला, मी घरी बसलो तं काटा कोन पाहीन?" मी दुखण्याचं इंजेक्शन दिलं. दोन तासांत चालते झाले. मग दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. दिवाळीनंतर तर जवळजवळ रोज सकाळी, चहाच्या आधी. इंजेक्शन मी मेडिकलमधून आणायची, उपकेंद्रातलं नाही. एवढंच माझं इमान.

बीपीची ती पेशाब वाढवणारी गोळी सुरू असताना हे इंजेक्शन रोज दिलं तर किडनीवर काय होतं, हे मला माहीत होतं, ताई. ट्रेनिंगमध्ये शिकले आहे. तरी देत राहिले. दुखलं की ते जास्त प्यायचे, आणि जास्त प्याले की मानसी पुस्तकं उचलून शेजारी शकुबाईंकडे जायची. सुई दिली की संध्याकाळी पोरगी घरात बसून अभ्यास करायची. मी तेवढंच पाहिलं.

डिसेंबरात किडनी बिघडली, नागपूरला न्यावं लागलं, ते पुढचं तुमच्या डोळ्यांसमोरचं. डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याची औषधं घेता का? ते म्हणाले, "नाही जी." वडिलांना असं काही होतं का? तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाबांना काही नव्हतं." मी तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही खिडकीकडे. मामाजींच्या, तुमच्या बाबांच्या, सुजलेल्या अंगठ्याला हळदीचा लेप तुम्हीच लावत होत्या. शेवटच्या महिन्यात पेशाब बंद झाली तेव्हा मोहगावहून डॉक्टरला घेऊन तुम्हीच आल्या होत्या. मी तेव्हा नवी नवरी होते, पण आंधळी नव्हते. आता मयूरची सोयरीक ठरत होती, म्हणून तुम्ही नागपुरात बोलल्या नाहीत. मला राग नाही. मी कोणत्या तोंडानं राग धरू?

तुम्ही पांढुर्ण्याला परत गेल्या त्याच दुपारी डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही, तर उद्या सुई टाकून किडनीचा तुकडा काढून पाहावा लागेल. सहीचा कागद माझ्या हातात दिला. माझ्यामुळे झालेल्या गोष्टीचं कारण शोधायला त्यांच्या पाठीत सुई जाणार होती. माझ्यानं सही झाली नाही. तिथेच, त्यांच्या खाटेजवळ, मी सगळं सांगितलं. दारू, इंजेक्शनं, मामाजींचं दुखणं. डॉक्टर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?" तुकडा काढायचं थांबलं. तुमचे भाऊ मात्र म्हणाले, "माह्या इज्जतीचा पंचनामा केला तू." त्यानंतर महिनाभर माझ्याशी एक शब्द नाही.

परत आल्यावर मी वृषाली मॅडमना फॉर्मचं सांगितलं. त्यांनी माझ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. मग म्हणाल्या, "सुचिता, एक फॉर्म खोटा, तर बाकीचे दोनशे एकोणसत्तर मी खरे कसे मानू?" आता दुसरी सिस्टर घरोघर जाऊन माझे फॉर्म पुन्हा भरून राहिली. का, ते गावात सगळ्यांना माहीत आहे. माझ्याकडून लेखी खुलासा मागितला आहे. नोकरी राहील की जाईल, कोणी सांगत नाही. रोज उपकेंद्रात जाते, रजिस्टर भरते, घरी येते. दोन्ही ठिकाणी कोणी माझ्याकडे मान वर करून पाहत नाही.

काल दुपारपासून त्यांचा पाय पुन्हा दुखतो आहे. महिनाभरात पहिला शब्द बोलले तो हा, "एक सुई दे." मी नाही म्हटलं. "बायको हायेस का पोलीस?" आई पदर पसरून म्हणाल्या, "दे वो माय, लेकरू तडफडून राहिलं. तुह्या हातानं बरं होते त्याले." नागपूरच्या डॉक्टरांना फोन करून त्यांनी सांगितलेली गोळी दिली आहे. ती किडनीला चालते, पण तिला वेळ लागतो. आज सकाळी मेडिकलवाल्या नितीनला जाऊन सांगितलं, आमच्या घरातलं कोणीही आलं तरी ते इंजेक्शन देऊ नको. त्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं. मी हे लिहून राहिली, आतून कण्हण्याचा आवाज येतो आहे आणि आई माझ्याकडे पाठ करून बसल्या आहेत. ह्या घरात आज मी एकटीच वाईट आहे. ते मला चालेल. पण दुखता दुखता ते एकदा रडले, तेव्हा हात औषधाच्या डब्याकडे गेला होता, ताई. डबा रिकामा होता म्हणून मी वाचले.

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. तुम्ही आणि मयूर, दोघंही रक्त तपासून घ्या. युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन. मयूर तीस वर्षांचा आहे, त्याच्या बीपीचं तुम्हीच मला सांगितलं होतं. मामाजींचं रक्त त्याच्यातही आहे. सोयरीक मोडायची तर खरं कळून मोडू दे.

दुसरी, एकदा इकडे या. माझी बाजू घेऊ नका. फक्त भावाजवळ बसून म्हणा, की बाबांनाही हेच होतं आणि ते ह्यानंच गेले. माझं ते ऐकत नाहीत. बहिणीचं ऐकतील.

नाही आल्या तरी मी इथेच आहे. कुठे जाणार?

सगळं सांगून झालेली, आणि तरी ह्याच घरात असलेली,
तुमची
सुचिता