काका, खर्रा खाता का?

सौ. निर्मला,

गजाननाच्या कृपेनं मी यवतमाळात खुशाल आहे. प्रेरणाची नवी खोली लावून झाली.

सोमवारी सकाळी पूजा आटोपून तिच्यासोबत दातांच्या कॉलेजात गेलो. तिथं दात साफ करायला शिकणाऱ्या पोरींनाच आपापला पेशंट आणावा लागतो. तिचा पेशंट आलाच नाही, म्हणून खुर्चीत मी बसलो.

मॅडम शेजारी उभ्या, म्हणून आपली पोरगी बापालेच म्हणते, "काका, तोंड उघडा." मला हसूच आलं. मग फॉर्म भरताना तिनं विचारलं, "काका, खर्रा खाता का?"

चैत्रात देवासमोर तंबाखू-सुपारीचा तो खर्रा सोडला, असं मी घरात सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. वावरात खातच होतो. पण तिच्या हातून खोटं लिहून घेववेना. "दिवसाले तीन," म्हणालो.

तिचा पेन थांबला. मग तिनं तसंच लिहिलं, आणि इतक्या हलक्या हातानं किटण काढलं की मॅडम म्हणाल्या, "शाब्बास!"

एक दाढ थोडी हलते, काळजी करू नको. आईचे गुडघे कसे आहेत?

उठताना खिशातली पुडी पोरीच्या हाती दिली. आज पाचवा दिवस, खर्रा तोंडात नाही. या वेळी देवाला काही बोललो नाही, आधी तुला सांगतो आहे.

तुझा,
नामदेव